हाडांचा रंग

तात्या माणसाकडे पाहायला सुरुवात करायचे ती पायांपासून. चेहरा सगळ्यात शेवटी. मी त्यांच्या जळोचीतल्या घराची वरची खोली भाड्यानं बघायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते, आणि मी बोलत होतो तोवर माझ्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, चपलांना चिखल लागलाय म्हणून. नंतर कळलं. तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली होती. उसाची गाडी काट्यावर चढली की कुणीतरी गप्पा मारत मारत हळूच एक पाय काट्यावर टेकवायचं, वजन वाढावं म्हणून. तो पाय पकडणं हे तात्यांचं काम. निवृत्त झाले, कळंब सोडून जळोचीत घर बांधलं, लेकींची लग्नं झाली, तरी नजर काही पायांवरून हलली नाही.

"फार्मसी कॉलेजात शिकवता म्हणता," ते म्हणाले.

"हो."

"असंल. पर बघाय पायजे."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच कॉलेजात येऊन, फाटकावरच्या माणसाला माझं नाव विचारून गेले.

"असंल, पर बघाय पायजे," हे वाक्य मी पुढं त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की माझ्याही बोलण्यात यायला लागलं. गॅसची टाकी आली की ते ती स्वतः उचलून, डोळे मिटून, थोडा वेळ धरून उभे राहायचे. दूधवाल्यानं दूध ओतलं की वाटीतलं थोडं बोटावर घेऊन उन्हात बघायचे. लग्नपत्रिका आली तर मुलीच्या बापाला फोन करायचे, "लगीन हाय न्हवं नक्की?" काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, याची इतकी सवय झाली होती की भाजी चिरतानाच त्या सांगायच्या, "वांग्यात कीड न्हाय. बघितली मी. तुमी बी बघा."

कारखान्यातला एक प्रसंग ते नेहमी सांगत, आणि सांगताना कधी हसत नसत. एक गाडी काट्यावर उभी होती. पाय कुणाचा नव्हता, ऊस कोरडा होता, वजन मात्र तात्यांच्या मनाला पटेना. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली. गाडीवान म्हणाला, "तात्या, आता काय उसाला इचारताय का?" तेवढ्यात ऊस खोकला. मोळ्यांच्या खाली गाडीवानाचा मेहुणा आडवा झोपवलेला होता. पाचट नाकात गेलं आणि बिचाऱ्याला राहवलं नाही. "तवापासनं," तात्या म्हणायचे, "मी समोरची वस्तू बोलल्याबिगर मानत न्हाय."

अशा माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर मी जे चालवत होतो ते संशयाला आमंत्रण देणारंच होतं. दर रविवारी आम्ही तिघंचौघं मित्र माझ्या खोलीत जमून एक खेळ खेळायचो. मोठ्या टेबलावर लढाई मांडायची. बोटाएवढे सैनिक: तलवारी घेतलेले सांगाडे, शिंगवाले राक्षस, दाढीवाले बुटके, पंख पसरलेले काय काय. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, एकमेकांचं सैन्य कापायचं. या खेळात निम्मी मजा सैनिक रंगवण्यात असते. कोरा करडा पुतळा येतो. त्याचा कमरपट्टा, त्याची जखम, त्याच्या डोळ्यातली बुबुळं हे सगळं बारीक ब्रशनं करायचं. माझा हात त्यात अगदीच बसला होता. म्हणजे चुकीचाच बसला होता.

सैनिक आणायचा नासिर. नासिर शेख, इंदापूरचा. स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भागात त्यानं एक यंत्र घेतलं होतं, कॉम्प्युटरवरच्या चित्रावरून रेझिनचा थर थर चढवत मूर्ती काढणारं. दर रविवारी तो मोटरसायकलला खोकं बांधून यायचा, जिना चढून वर जायचा, आणि संध्याकाळी रिकामं खोकं घेऊन उतरायचा. मागे स्पिरिटचा वास राहायचा.

गल्लीत कुणीतरी काकींना सांगितलं की वरचे मास्तर कवट्या आणून करणी करतात. काकी घाबरल्या. तात्या मात्र म्हणाले, "भुतावर तरी इस्वास कसा ठिवायचा? कुणी बघितलंय?" करणीची अफवा अशी त्यांच्याच ओट्यावर मेली. त्यांचा संशय वेगळा होता. एका रविवारी ते काही न बोलता वर आले, टेबलावरचा एक सांगाडा उचलला आणि खाली घेऊन गेले. आम्ही मागोमाग गेलो, तर काकींच्या मसाल्याच्या काट्यावर तो सांगाडा ठेवलेला.

"दिसाय भरीव. वजनाला हलका," तात्या नासिरच्या बुटांकडे बघत म्हणाले. "पोकळ हाय ह्यो. आत काय घालून नेता?"

नासिर हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं खिशातली छोटी कात्री काढून तात्यांच्या हातात दिली. "कापा, तात्या. आत हवा हाय."

तात्यांनी खरंच कापला. हवाच होती. त्यांनी दोन्ही तुकडे उन्हात धरून बघितले, आणि मग मी रंगवलेला एक सैनिक माझ्या हातात तसाच राहिला होता तो घेतला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

"रंगवलंय का चोपडलंय?"

तिथून तात्या या नादाला लागले. तरुणपणी कळंबला बेंदराच्या सणाला अर्ध्या गावच्या बैलांची शिंगं ते रंगवायचे, आणि पुढं कारखान्यात गाड्यांवरचे नंबर घालायचं काम त्यांच्याकडेच असायचं. हात स्थिर होता. बसायची पद्धत अशी की मांडी घालून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर घट्ट रोवून, श्वास सोडताना ब्रश टेकवायचा. पण रंगाच्या बाटलीवर काय लिहिलंय यावर त्यांचा विश्वास नसे. प्रत्येक रंग आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून, उन्हात नेऊन, खात्री करून मगच सैनिकावर. त्यामुळं ते नख कायम कुठल्यातरी रंगाचं. काकी म्हणायच्या, "जेवताना तरी माणसावानी बसा."

सैनिक हातात घेतला की पहिला प्रश्न, "ह्यो कुणाच्या बाजूचा?" एकदा मी म्हणालो, त्यानं काय फरक पडतो. तर म्हणाले, "त्यालाच ठावं नसंल तर तो उभा कसा ऱ्हाईल?" त्यांचे सैनिक ओळखू यायचे ते डोळ्यांवरून. बाकीचे लोक समोर बघणारी बुबुळं काढतात. तात्यांचा प्रत्येक सैनिक तिरका, शेजारच्याकडे बघायचा. ओळीनं मांडले की वाटायचं, लढाई राहिली बाजूला, यांचा आधी आपसातच काहीतरी हिशेब आहे. नासिरनं त्यांचे फोटो टाकले, आणि पुण्यातले खेळणारे त्याला विचारू लागले की ती संशयी पलटण कोण रंगवतं.

खेळाला मात्र ते कधी बसले नाहीत. खुर्ची ओढून बघत बसायचे. फाशांवर त्यांचा भरवसा नव्हता. हातातून सुटताना मनगट कसं फिरतं हे ते बघायचे, आणि शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणून टेबलावर ठेवली. फासा वाटीत टाकायचा, वाटी झाकायची, मग उघडायची. खणखणाट इतका व्हायचा की शेजारचे विचारायचे, भांडी कुणाची पडली.

नासिर त्यांच्या अगदी उलटा. अनोळखी माणसाला दुकानातला फोन वापरायला देणारा, गिऱ्हाईक "उद्या येतो" म्हणालं तर खरंच उद्या वाट बघणारा. तात्या त्याला म्हणायचे, "नासिर, तुला बाजारात उभा करून कोण बी इकंल." नासिर म्हणायचा, "तुमी हाय की बघाय." पुढच्या रविवारी तात्या काकींना त्याच्यासाठी थालीपीठ लावायला सांगायचे. तो आला की जिना चढायच्या आधी ओट्यावर टेकायचाच. माझ्याकडे येतोय की त्यांच्याकडे, हे मलाही सांगता आलं नसतं.

त्या हिवाळ्यात नासिरनं ठरवलं की पुण्याच्या स्पर्धेला सांगाड्यांचं अख्खं सैन्य न्यायचं. तिथं सैन्य कसं रंगवलंय याचंही बक्षीस असतं. रंगवायचं अर्थात तात्यांनी. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला तो हाडांच्या रंगावर. "हाड पांढरं नसतंय," ते म्हणाले. रानात ऊन-पाऊस खाल्लेल्या बैलाचं हाड त्यांनी पाहिलं होतं. पांढऱ्यात थोडा पिवळा, किंचित तपकिरी, असं करत त्यांनी रंग जुळवला, आणि झगे गडद निळे करायचे ठरवले. थंडीभर ते खिडकीपाशी बसून होते. रंगवलेले सांगाडे चहाच्या ट्रेमध्ये वाळत असायचे.

याच काळात ते चहा कपाच्या बाहेर ओतायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला जास्त पिकलाय. तात्यांनी तिघांना विचारलं. तिघांनी तेच सांगितलं, त्यावरून त्यांना वाटलं की तिघं एकमेकांच्या ओळखीचे असणार. शेवटी काकींनी स्वयंपाक बंद केला तेव्हा ते बारामतीच्या एका दवाखान्यात उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाले. ऑपरेशननंतर पहिलं वाक्य, "काढलेला मोतीबिंदू दाखवा." डॉक्टर म्हणाले, आता तसा अख्खा काढत नाहीत, आतल्या आत बारीक करून ओढून घेतात. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे पुरावाच न्हाय."

ते घरी पडून होते तेवढ्या दिवसांत नासिर सांगाड्यांचं खोकं इंदापूरला घेऊन गेला. रंग टिकावा म्हणून वरून पारदर्शक व्हार्निश मारायचं असतं, ते काम त्याचं. मग एका रविवारी तो खोकं परत घेऊन आला. तात्यांना काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली होती. माझ्या खोलीत टेबलावर नासिरनं एकेक सांगाडा मांडला. तात्या बघत राहिले.

"ही माझी न्हाईत," ते म्हणाले.

नासिरला वाटलं थट्टा आहे. "तुमचीच हाईत, तात्या."

"माझ्या हाडांचा रंग ह्यो न्हाय. ही हळदीत बुडवल्यागत पिवळी हाईत. आन् झगं बघ, निळीत घातलेल्या धोतरावानी. कुणाकडनं रंगवून घेतलंस?"

"मी निस्तं व्हार्निश मारलं."

"मंग माझी कुठं हाईत? इकलीस?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, तात्या, डोळे बघा ना त्यांचे, तिरके आहेत, तुमच्याशिवाय कुणाला जमेल? ते म्हणाले, "नक्कल बी करता येती, मास्तर." मग नासिरकडे बघितलं. पायांकडे नाही, सरळ तोंडाकडे. "माणूस चांगला वाटला म्हणून घरात घेतला. माझीच चूक."

नासिर मागे वळला. त्यानं हेल्मेट उचललं, खोकं तिथंच ठेवलं आणि जिना उतरला. खाली काकींनी चहा ठेवला होता. "नको काकी," एवढंच ऐकू आलं, आणि मोटरसायकल सुरू झाली. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तात्यांनी खोकं कपाटात ठेवलं, कुलूप घातलं. पुरावा म्हणून.

पण तेवढ्यावर थांबलं असतं तर ते तात्या कसले. एका सकाळी त्यांचं दूधवाल्याशी भांडण झालं. दूध निळसर दिसतंय, पाणी घातलंस. दूधवाला रडकुंडीला आला. मग मागची भिंत. ती त्यांनी दुधाच्या साईच्या रंगाची करून घेतली होती, आता ती पांढरीफेक कशी? मला विचारलं, "मी दवाखान्यात हुतो तवा रंगारी आलता का?" मग काकींचं लुगडं. "हे लुगडं कुणी दिलं?" काकी अंगणात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माझ्या भावानं दिलंय. तुमच्या म्होरं दिलंय. पाच दिवाळ्या नेसतीया." त्यांचा आवाज चढला. "दूधवाला लबाड, रंगारी लबाड, त्यो नासिर लबाड, आता माझा भाऊ बी लबाड. सगळ्या मुलखानं एका दिवसात तुमास्नी फसवाय घेतलंय व्हय? डाक्टरनं डोळा बदलला त्यो कुणाचा?"

तात्या काहीतरी बोलणार होते. ते थांबले. त्यांनी हळूच उजवा हात उचलून नवा डोळा झाकला आणि भिंतीकडे बघितलं. मग हात काढून जुना डोळा झाकला. पुन्हा नवा. मी जिन्यात उभा होतो, पाण्याची मोटर लावायला सांगायला आलो होतो. तसाच उभा राहिलो. ते उठले, आत गेले, कपाटाचं कुलूप उघडून एक सांगाडा घेऊन आले आणि अंगणातल्या उन्हात उभे राहिले. एक डोळा, मग दुसरा. एक, मग दुसरा. काकी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं.

जुन्या डोळ्याला तो सांगाडा हाडाच्या रंगाचा दिसत होता, अगदी रानातल्या हाडासारखा. नव्या डोळ्याला हळदीचा. मोतीबिंदूची पिवळी काच पुढं ठेवून तात्यांनी हिवाळाभर रंग मिसळले होते. त्या काचेतून पिवळा फिका दिसतो, म्हणून तो जास्तच पडत गेला होता.

"मास्तर," ते म्हणाले, "गाडी काढा. इंदापूरला जायाचंय."

खोकं मांडीवर घेऊन ते माझ्या मागे बसले. कळंबवरून गेलो तरी त्यांनी गावाकडे बघितलं नाही. शेळगावला म्हणाले, थांबा, चहा घेऊ. चहा घेतला. मग म्हणाले, "आज जाऊ दे. दुकान बंद असंल." मी म्हणालो, "असेल. पण बघायला पाहिजे." ते माझ्याकडे रागानं बघत परत गाडीवर बसले.

दुकान उघडं होतं. आत एक गिऱ्हाईक होतं, म्हणून तात्या बाहेरच उभे राहिले, खोकं दोन्ही हातांत धरून. गिऱ्हाईक गेल्यावर नासिरनं वर बघितलं. मग स्टूल पुढं सरकवलं. "या तात्या. बसा."

तात्या बसले नाहीत. खोकं काउंटरच्या काचेवर ठेवलं.

"नासिर, ह्यो डोळा झाकला की हे माझं सैन्य हाय." त्यांनी नवा डोळा झाकून दाखवला. "आन् ह्यो झाकला की तू बदललेलं हाय."

"मंजी?"

"मंजी तू बदललं न्हाईस."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दुकानाची काच थरथरली. तात्यांनी माफी मागितलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि हीच ती असावी हे मला जरा वेळानं कळलं. नासिरला लगेच कळलं. तो म्हणाला, "डोळा दुखतोय का अजून?"

"न्हाय." मग तात्या स्टुलावर बसले. "तुला दिसत हुतं का रं, पिवळं?"

"दिसत हुतं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं तुमास्नी तसंच पायजे. तुमी इतकं बघून करता, म्हटलं आपलाच डोळा कच्चा असंल."

तात्या खाली बघत राहिले. आयुष्यभर कुणाचा शब्द त्यांनी तपासल्याशिवाय घेतला नव्हता. आणि इथं एक माणूस स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं सोडून त्यांच्या डोळ्यांवर विसंबला होता. ते काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही. नासिर मात्र हसला, आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला.

स्पर्धा जवळ आली होती. नासिर म्हणाला, असंच नेऊ. तात्या म्हणाले, न्हाय. पण कुठल्या डोळ्याचं ऐकायचं? दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन रक्तातली साखर खाली येईपर्यंत होणार नव्हतं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले की रंग एकमेकांत भांडायचे. शेवटी ते एसटीनं इंदापूरला जाऊन नासिरच्या दुकानात बसून, त्याला रंग दाखवत दाखवत काम करायला लागले. पुढच्या ओळीतले सांगाडे नव्यानं झाले, मागचे पिवळेच राहिले. पुण्यात बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकानं म्हणे विचारलं की पुढचे आणि मागचे दोन वेगळ्या लोकांनी रंगवलेत का. नासिर म्हणाला, न्हाय, एकाच माणसानं. मागचे अजून राहिलेत.

त्या पावसाळ्याआधी मला सोलापूरला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी तात्या घरी नव्हते. काकी म्हणाल्या, "त्ये हितं कुठं असत्यात आता. इंदापुरातनं जाताना बघा." सामानाचा टेम्पो स्टँडजवळ थांबवून मी दुकानाकडे गेलो.

काचेतून दोघं दिसत होते. नासिर कुणाचातरी फोन उघडून त्यावर वाकला होता. शेजारी तात्या, मांडीवर ट्रे, हातात एक पिवळा सांगाडा. त्यांनी बशीत रंग कालवला आणि बशी नासिरपुढं धरली.

"झालं का बघ."

"झालं," नासिर मान न उचलता म्हणाला.

"बघून सांग की!"

नासिरनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बशी हातात घेतली, दाराच्या उजेडात आणली, नीट पाहिली. "वाईच पांढरा टाका." तात्यांनी टाकला, कालवला. "आता?"

"आता हाय हाडासारखा."

तात्यांनी बशी परत घेतली. मला वाटलं आता ते उठून उन्हात येतील, एक डोळा झाकतील, मग दुसरा. माझ्यामागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी थांबलो. तात्या उठले नाहीत. त्यांनी कोपरं गुडघ्यांवर रोवली, ब्रश बुडवला, श्वास सोडला, आणि नासिरनं सांगितलेला रंग सांगाड्याच्या कपाळावर ठेवला.